बाट साठवायला पेव नसतं

सांगलीहून मेव्हण्यांचा फोन आला तो फेब्रुवारी २०२५ च्या मध्यावर. "दाजी, आज बाट काय भावानं आहे?" बाट म्हणजे थायलंडचं चलन. मार्केट यार्डात हळदीची अडत चालवणारा माणूस भाव विचारतो तेव्हा आवाज चढा असतो. या खेपेला तो दबका होता. मी बँकेच्या परकीय चलन विभागात नोकरी काढली, त्यामुळे नात्यातलं कुणाचं पोरगं शिकायला बाहेर निघालं की माझा फोन वाजतोच. लग्नासाठी वाजला तो पहिल्यांदा.

भाची पुण्यात नोकरी करते. मुलगा सिंगापूरला वाढलेला, त्याचे आईवडील मूळचे साताऱ्याकडचे. त्यांचे पाहुणे तिकडून येणार, आपले इकडून, म्हणून मधलं ठिकाण थायलंडमधलं फुकेत ठरलं. मुंबईहून थेट विमान आहे, भारतीयांना तेव्हा आधी व्हिसा काढावा लागत नव्हता, आणि नोव्हेंबरअखेर तिथला पाऊस ओसरलेला असतो. ११० माणसं, दोन रात्री, समुद्रकाठचं हॉटेल, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. हॉटेलने आकडा दिला होता २०,४०,००० बाट. आकड्यापुढे दोन अधिक चिन्हं होती.

बाट तेव्हा आंतरबँक बाजारात साधारण २.५७ रुपयांना होता. मेव्हण्यांनी गुणाकार करून साडेबावन्न लाख काढले होते आणि घरात तोच आकडा सांगून मोकळे झाले होते. ती दोन चिन्हं त्यांना छपाईतली चूक वाटली. तिकडे हॉटेलवाले त्याला 'प्लस प्लस' म्हणतात: पहिला अधिक म्हणजे १० टक्के सेवा शुल्क, दुसरा म्हणजे त्या वाढलेल्या रकमेवर ७ टक्के व्हॅट. २०,४०,००० चे आधी २२,४४,००० होतात आणि मग २४,०१,०८०. रुपयांत पावणेबासष्ट लाखांच्या जवळ. विनिमय दराचं दुखणं सुरू होण्याआधीच सव्वानऊ लाखांचा खड्डा पडलेला. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण ठरल्या वेळापत्रकाने सगळे पैसे भरले असते तर पुढच्या नऊ महिन्यांच्या चढउताराचा एकूण फटका तीन लाखांच्या आतच राहिला असता. लोक दराला घाबरतात आणि कोटेशन नीट वाचत नाहीत.

हप्ते असे होते: सहीच्या वेळी २० टक्के, १५ जूनपर्यंत ३०, १५ सप्टेंबरपर्यंत ३० आणि लग्नाआधी दोन आठवडे उरलेले २०. लग्न रद्द झालं तर भरलेला पैसा बुडाला. तारीख एकदाच बदलता येईल.

एका भावाला दोन काटे

मेव्हणे रोज रात्री बातम्यांत डॉलर बघत बसायचे. डॉलर उतरला की खूश, चढला की वहिनींवर चिडचिड. त्यांना पहिल्यांदा हे समजवावं लागलं की टीव्हीवरचा डॉलर म्हणजे आपला भाव नव्हे. रुपया आणि बाट यांचा थेट मोठा बाजार नाही. रुपयाचा भाव डॉलरशी ठरतो, बाटचा भावही डॉलरशी ठरतो, आणि आपल्याला मिळतो तो या दोहोंचा भागाकार. फेब्रुवारीत डॉलर ८६.८० रुपयांच्या आसपास होता आणि एका डॉलरला पावणेचौतीस बाट मिळत होते. भागाकार २.५७.

मे महिन्याच्या सुरुवातीला डॉलर ८४.३० पर्यंत उतरला. मेव्हण्यांनी आनंदाने फोन केला, "आता स्वस्त झालं की!" बाट होता २.५५. रुपया डॉलरपुढे तीन टक्क्यांनी सुधारला होता, पण बाटही तेवढ्यात डॉलरपुढे तेहतिसाच्या आसपास येऊन बसला होता, आणि आपल्या पदरात दोन पैसे पडले. उलट दिशेचा खेळ पुढे झाला. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ आणि मग २७ तारखेपासून एकूण ५० टक्के आयातशुल्क लावलं, परदेशी गुंतवणूकदार विकत होते, रुपया घसरत गेला. बाट मात्र जगभर दुबळ्या पडलेल्या डॉलरवर आणि सोन्यावर चढत होता. थाई लोक सोन्याची प्रचंड उलाढाल करतात. सोनं तेजीत आलं की ते बाहेर विकतात, आलेले डॉलर बाटमध्ये बदलतात, आणि बाट आणखी वर जातो. तिथल्या मध्यवर्ती बँकेलाच त्याची चिंता लागली होती. जुलैत कंबोडियाच्या सीमेवर चकमकी झाल्या, पर्यटक घटले, तरी बाट फारसा हलला नाही.

नोव्हेंबरअखेर डॉलर साधारण ८९.४० होता आणि बाट डॉलरला ३२.२०. भागाकार २.७८. फेब्रुवारीपासून बाट आपल्याला आठ टक्क्यांनी महागला, त्यात रुपयाच्या पडण्याचा वाटा तीन टक्के आणि बाटच्या चढण्याचा जवळपास पाच. सगळं घर रुपयाला शिव्या घालत होतं.

मला स्वतःला बाट म्हटलं की २ जुलै १९९७ आठवते. त्या दिवशी थायलंडने बाट मोकळा सोडला, आणि डॉलरला पंचवीसच्या घरात असलेला बाट जानेवारी १९९८ मध्ये पन्नाशीपलीकडे गेला. आदल्या महिन्यात ज्यांनी 'पुढे महागेल' म्हणून बाट घेऊन ठेवले, त्यांचं काय झालं असेल? म्हणून मेव्हण्यांनी "कुठवर जाईल?" असं विचारलं की मी विषय बदलत असे.

पेव शोधताना

"दाजी, हळदीत आम्ही काय करतो? पुढं तेजी दिसली तर माल धरून ठेवतो. नाहीतर वायदा करतो. इथं दोन्हीतलं एक काहीतरी करा." प्रश्न अगदी नेमका होता. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवं असायची. त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, २००५ च्या महापुरात बहुतेक गेली. भाव आज पटला तर आज घ्या, पेवात घाला, लागेल तेव्हा काढा. बाट साठवायला असं पेव कुठे आहे?

नोटा घेऊन ठेवणं बाद. एका प्रवासासाठी रोख परकीय चलन ३,००० डॉलरच्या बेताचंच मिळतं आणि नोटांचा भाव सगळ्यांत महाग असतो. फॉरेक्स कार्डावर काही बँका बाटचं पाकीट देतात आणि भरला त्या दिवसाचा भाव पक्का होतो. हे खरं लहानसं पेव, पण किरकोळ खर्चापुरतं. हॉटेलला पैसे खात्यात हवे होते.

वायद्याकडे वळलो. शेअर बाजारात डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचे रुपयांतले वायदे होतात, बाटचा होत नाही. डॉलरचा वायदा एक हजार डॉलरचा असतो, आणि मे २०२४ पासून खरी गरज असेल तरच तो घ्यावा असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. गरज तर खरी होती. पण त्याने फक्त रुपया-डॉलरचा काटा बांधला जातो, डॉलर-बाटचा मोकळाच राहतो. वर पाहिलं तसं आठातले पाच टक्के त्या मोकळ्या काट्यावरच आले. लग्न दुबईला असतं तर गोष्ट वेगळी होती. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, म्हणजे काटा एकच, आणि डॉलरचा वायदा तिथे चपखल बसतो. व्हिएतनामला असतं तर काहीच करावं लागलं नसतं, कारण त्या नऊ महिन्यांत डाँग जवळजवळ रुपयाइतकाच घसरला. पण फेब्रुवारीत हे कोण सांगणार होतं?

बँकेशी फॉरवर्ड करार, म्हणजे पुढच्या तारखेच्या चलनाचा भाव आजच बांधणारा करार, करता येतो. नियम आड येत नाही, शाखा येते. सांगलीच्या शाखेत मेव्हण्यांनी हा शब्द उच्चारल्यावर तिथल्या साहेबांनी चहा मागवला, मुंबईला फोन लावला आणि मग सांगितलं की एवढ्याशा रकमेसाठी, तेही बाटमध्ये, आम्ही करत नाही. नोकरीत मीही अशी उत्तरं दिली आहेत, त्यामुळे रागावलो नाही. पण फॉरवर्डचा भाव काय आला असता याचा हिशेब मेव्हण्यांना करून दाखवला, कारण तो कुणीच करत नाही. त्या महिन्यात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ६.२५ टक्के झाला होता आणि थायलंडच्या मध्यवर्ती बँकेचा महिनाअखेर २ टक्के. हा व्याजातला फरक फॉरवर्डच्या भावात चढतो, वर्षाला चारेक टक्क्यांनी. म्हणजे नोव्हेंबरचा बाट फेब्रुवारीतच बांधायचा तर साधारण २.६५ ला मिळाला असता. २.५७ ला नव्हे.

मेव्हण्यांना हे लगेच पटलं. हळद धरून ठेवली तर व्याज, गोदामभाडं, घट हे सगळं भावात धरावं लागतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको. "म्हणजे आठ पैसे ही बाटची घट!" तिथून पुढे आम्ही २.६५ हाच 'आजचा भाव' धरला. त्याखाली मिळालं तर कमाई, वर गेलं तर नुकसान. घरचं अंदाजपत्रक आणखी सावध, २.७५ ने मांडलं आणि वहिनींना तेवढाच आकडा सांगितला. २.५७ चा उल्लेख घरात बंद.

आता उरला एकच मार्ग: हॉटेलला ठरल्या तारखेआधी पैसे भरणं. तेच आपलं पेव. फक्त त्यात धोका बदलतो. बाटचा भाव पक्का होतो, पण पैसा अशा जागी जाऊन बसतो जिथून तो परत येत नाही. वर इथल्या ठेवीचं तेव्हाचं सात टक्के व्याज सोडावं लागतं. सगळे चोवीस लाख बाट फेब्रुवारीतच भरून टाकावेत असं मेव्हण्यांचे धाकटे बंधू म्हणत होते. नोव्हेंबरमध्ये ते बरोबर ठरले. तरीही मी पुन्हा नकोच म्हणेन. नऊ महिन्यांत लग्न पुढे ढकललं जाण्याची, हॉटेलची मालकी बदलण्याची किंवा घरात काही बरंवाईट होण्याची भीती मला आठ टक्क्यांपेक्षा मोठी वाटते.

रुपयांतलं आमिष आणि दुबईचा मामा

पुण्यातल्या एका लग्न-आयोजकाने सगळं रुपयांत देऊ केलं. एक रक्कम, हॉटेलसकट, बाटची कटकट नाही. मेव्हणे सही करायच्या बेतात होते. कराराच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं की विनिमय दर दोन टक्क्यांहून जास्त चढल्यास फरक ग्राहकाने द्यायचा. उतरल्यास काय, ते लिहिलंच नव्हतं. शिवाय हॉटेल आणि इतर खर्च एकत्र विकला की तो परदेश सहलीच्या पॅकेजात बसतो, आणि त्यावर उगमावर गोळा होणारा कर, ज्याला सगळे टीसीएस म्हणतात, पहिल्या रुपयापासून लागायचा: १ एप्रिल २०२५ पासूनच्या हिशेबाने दहा लाखांपर्यंत ५ टक्के, त्यावर २० टक्के. बासष्ट लाखांवर तो जवळपास अकरा लाख. पुढे परत मिळतो हे खरं, पण हळदीच्या हंगामात अकरा लाख अडकणं व्यापाऱ्याला परवडत नाही.

दुसरी सूचना बैठकीतच आली, आणि अशा प्रत्येक घरात ती येतेच. दुबईतला मामा हॉटेलला थेट पैसे भरेल, आपण कराडला त्याच्या घरी रुपये पोचवू. भाव चांगला, बाजारभावावर बँक चढवते तो गाळा नाही, टीसीएस नाही. याला काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत असतं, फक्त घरच्या माणसाबाबत तो शब्द वापरत नाहीत. परकीय चलनाच्या फेमा कायद्यात असा उसनवारीचा हिशेब बसत नाही. मामाने भाचीला स्वतःच्या पैशातून आहेर केला असता तर कुणाची हरकत नव्हती. त्याच्या घरी रुपये पोचले की आहेराचा हवाला होतो. मी बैठकीत हे जरा तोडून बोललो. मामाच्या आई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पहिला हप्ता: कुठे किती गळालं

४,८०,००० बाट फेब्रुवारीतच जायला हवे होते. मला विचारण्याआधी मेव्हण्यांनी ते शाखेतून डॉलरमध्ये पाठवूनही टाकले, कारण शाखेने बाटमध्ये जात नाही असं सांगितलं. १४,२२२ डॉलर, ८८.१० च्या भावाने. बाजारात डॉलर ८६.८० होता, म्हणजे दीड टक्का इथे गेला. तिकडे हॉटेलच्या बँकेने डॉलर घेताना आपला भाव लावला, ३३.४०. मधल्या कुठल्याशा बँकेने पंचवीस डॉलर कापले. हॉटेलचं ईमेल आलं: ५,८०० बाट कमी मिळाले, पुढच्या हप्त्यात जोडा. सगळं धरून एक बाट २.६४ ला पडला. बाजारभाव २.५७ असताना आपण फॉरवर्डच्या भावाएवढे पैसे मोजले, आणि तेही आजच्या आज पोचत्या करायच्या मालासाठी.

त्यात सगळी रक्कम एकट्या मेव्हण्यांच्या खात्यातून गेली. पॅकेज न घेता स्वतः पैसे पाठवले तर टीसीएस एका मर्यादेच्या वरच लागायचा, त्या आर्थिक वर्षात ती माणशी सात लाख होती. वरच्या साडेपाच लाखांवर २० टक्के, म्हणजे एक लाख दहा हजार कापले गेले. वहिनी पेढीत भागीदार आहेत, त्यांचं स्वतःचं उत्पन्न आहे. निम्मी रक्कम त्यांच्या खात्यातून गेली असती तर एक रुपया कापला गेला नसता. नशिबाने १५ मार्चचा आगाऊ कराचा हप्ता समोर होता, त्यातून तेवढी रक्कम वळती केली. टीसीएस हा खर्च नसून अडकलेला पैसा आहे, आणि आगाऊ कर भरणाऱ्याला तो लवकर सोडवता येतो. हे त्यांच्या सीएला ठाऊक होतं, पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

एप्रिलपासून दोन गोष्टी बदलल्या. पहिली, मर्यादा माणशी दहा लाख झाली होती. मेव्हणे, वहिनी आणि भाची अशा तिघांनी आपापल्या खात्यातून, आपापल्या पॅनवर पैसे पाठवायचे ठरलं. उदारीकृत प्रेषण योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, ती मर्यादा कुठेच आड येत नव्हती. दुसरी, मी बँकेच्या विदेशी चलन शाखेत फोन करायला लावला. तिथून बाट थेट बाटमध्ये जातो असं कळलं, आणि भावही फलकावरचा नव्हे तर त्या क्षणाचा मागता येतो. घासाघीस मेव्हण्यांनी स्वतः केली, त्यात ते माझे गुरू आहेत. बँकेचा गाळा १.२ टक्क्यांवर आला.

विहीणबाईंचा तोडगा

आता या प्रकरणातला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा भाग. तो माझ्या डोक्यातून आला नाही.

मूळ बोलणी अशी होती की हॉटेल मुलीकडचे करतील आणि सिंगापूरचा स्वागत समारंभ मुलाकडचे. मुलीच्या बापाने लग्न लावून द्यायचं, या जुन्या हिशेबाने मेव्हण्यांनी चोवीस लाख बाट अंगावर घेतले होते. सिंगापूरचे व्याही कमावतात सिंगापूर डॉलरमध्ये. तिथली मध्यवर्ती बँक व्याजदराऐवजी आपल्या चलनाचा विनिमय दरच हाताळते, व्यापारातल्या भागीदार देशांच्या चलनांच्या गठ्ठ्याशी तोलून. त्यामुळे बाट वर गेला तर तो डॉलरही पुष्कळदा त्याच्या बरोबरीने चालतो. फेब्रुवारी ते नोव्हेंबर बाट त्यांना दीड टक्क्याने महागला. आपल्याला आठ टक्क्यांनी. एकाच हॉटेलचं बिल, पण पैसे कुणी भरावे यावर साडेसहा टक्क्यांचा फरक.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा मेव्हण्यांनी पानाचा डबा मिटला. "म्हणजे व्याह्यांपुढं हात पसरू?" विषय संपला. पुढच्या आठवड्यात वहिनी आणि विहीणबाई साड्यांबद्दल व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. विहीणबाईच म्हणाल्या की आमच्याकडची अठ्ठेचाळीस माणसं तुमच्या खर्चाने राहतात हे आम्हाला बरं वाटत नाही, त्यांच्या खोल्या आणि दुसऱ्या रात्रीचं जेवण आमच्याकडे असू द्या, आणि सिंगापूरऐवजी सांगलीला तुम्ही मोठा समारंभ करा, आमचे साताऱ्याचे सगळे तिथेच येतील. बाट हा शब्द दोघींनीही काढला नाही. हॉटेलने दोन स्वतंत्र बिलं करायला हरकत घेतली नाही. आठ लाख बाट तिकडे गेले, आणि त्या बदल्यात सांगलीच्या कार्यालयाचा, जेवणावळीचा आणि फुलांचा खर्च इकडे रुपयांत आला. पुढे कुणी कुणाचा हिशेब रुपयांत चुकता करायचा नाही, ज्याचं कार्य त्याचा खर्च, एवढं मात्र मी दोन्ही घरांना बजावलं. नाहीतर दुबईच्या मामाचीच गोष्ट वेगळ्या साडीत.

पहिला हप्ता गेलेला होता. आता मेव्हण्यांच्या डोक्यावर १९ लाख २० हजार बाटऐवजी ११ लाख २० हजार राहिले.

तेजी-मंदीची खोड

जूनचा ४,२०,००० बाटचा हप्ता आम्ही एप्रिलच्या मध्यावर भरला, २.५६ च्या बाजारभावाला. जूनमध्ये बाट २.६५ झाला. दोन महिन्यांचं गेलेलं व्याज वजा करून पंचवीस हजारांच्या आसपास वाचले. आगाऊ पैसे देतो म्हणून हॉटेलकडून मंडपाची आदल्या रात्रीची मांडणी फुकट करून घेतली, ती कमाई वेगळी.

पुढचं ठरलं होतं ते असं: उरलेल्या सात लाख बाटपैकी २,१०,००० जुलैच्या पहिल्या आठवड्यात, तेवढेच सप्टेंबरमध्ये आणि २,८०,००० नोव्हेंबरच्या मध्यावर. भाव काय आहे ते न बघता. कागदावर लिहून वहिनींच्या देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

जुलैत बाट २.६४ होता. मेव्हण्यांना मे महिन्यातला २.५५ आठवत होता. "खाली येईल, थांबूया." व्यापाऱ्याच्या हातून वाढलेल्या भावाला खरेदी होत नाही, आणि ज्या मालाची मला गरज आहे तो मी विकायला घेतलेला नाही, हा फरक त्यांच्या मनात उतरत नव्हता. थांबले. ऑगस्ट गेला, ५० टक्के आयातशुल्क आलं, टीव्हीवर रुपया रोज नवा नीचांक. ९ सप्टेंबरला बाट २.७८. त्या सकाळी मला न विचारता त्यांनी उरलेले सातच्या सात लाख बाट पाठवून दिले, नोव्हेंबरच्या हप्त्यासकट.

ऑक्टोबरच्या मध्यावर बाट २.७० ला आला. मेव्हण्यांनी आठवडाभर फोन उचलला नाही.

देव्हाऱ्यातल्या कागदाप्रमाणे चाललो असतो तर त्या सात लाख बाटना १९ लाख ५ हजार लागले असते. लागले १९ लाख ४६ हजार. एक्केचाळीस हजारांचा हा फरक त्यांना वर्षभर टोचतो आहे. मी त्यांना वहीतली दुसरी ओळ दाखवली. पहिल्या हप्त्याला बाजारभावावर २.७ टक्के गळाले होते. नंतरच्या तीस लाखांवर घासाघीस करून ते १.२ वर आणले, त्यात पंचेचाळीस हजार वाचले होते. एका फोनने सप्टेंबरची घाबरगुंडी भरून काढली होती. पण वाचलेल्या पैशाचा आनंद कुणाला होत नाही.

एकूण १६ लाख बाट बाजारभावाने ४२ लाख ५५ हजारांना पडले, सरासरी २.६६. आम्ही धरलेल्या २.६५ पेक्षा एक पैसा वर, आणि वहिनींना सांगितलेल्या २.७५ पेक्षा नऊ पैसे खाली. बँकेचा गाळा सत्तर हजार. चलनबदलावरचा जीएसटी प्रत्येक वेळी हजाराच्या आगेमागे. एप्रिलनंतरचे पैसे तिघांत वाटूनही तीस लाखांच्या थोडे वर गेल्याने टीसीएस साडेअकरा हजार. आठ लाख बाट व्याह्यांकडे गेले नसते आणि तेही आपण मूळ वेळापत्रकानेच भरले असते, तर तेवढ्यावर आणखी सव्वा लाखाच्या आसपास गेले असते.

फुकेतला किरकोळ खर्च भाचीने फॉरेक्स कार्डावर केला. एका दुकानात यंत्राने विचारलं, रुपयांत घेऊ की बाटमध्ये? मेव्हण्यांनी देशप्रेमाने रुपया दाबला. तिथे जो भाव लागला तो मी इथे लिहीत नाही. पुढच्या वेळी वहिनींनी कार्ड आपल्या पर्समध्ये ठेवलं.

३ डिसेंबरला डॉलरने नव्वदी ओलांडली. मंडळी सांगलीला परतली होती, समारंभाची भांडी अजून अंगणात होती. मेव्हण्यांचा फोन आला, आवाज यार्डातला, चढा. "बघा दाजी, सप्टेंबरला भरून टाकलं ते बरंच केलं का नाही?" बाट त्या दिवशी २.८३ च्या आसपास होता, पण नोव्हेंबरच्या मध्यावर, जेव्हा शेवटचा हप्ता जायचा होता, तेव्हा तो २.७४ होता. मी काही बोललो नाही.

कार्डावर १८,४०० बाट उरले आहेत. विकून टाका म्हटलं. नियमाने दोन हजार डॉलरपर्यंतचं चलन जवळ ठेवता येतं, हे त्यांनी कुठूनतरी शोधून काढलं होतं. "राहू द्यात की दाजी," म्हणाले. "पेवातच आहेत."